आबांची बंदूक नुसतं ‘टिक्’ का म्हणते

चाकूर,
रविवार, दुपार

ती. स्व. श्रीमंतमामांस,

बसवंतचे मनापासून शरणु शरणार्थी.

पत्राच्या आरंभी इकडील क्षेम कळवायचं असतं, तेव्हा क्षेम आहे. आईची कंबर पहाटे धरते आणि ऊन चढलं की सुटते. तुमची भाचेसून उज्वला बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही (तिचा नवा टूथब्रश मी डिझेलमध्ये बुडवला, त्याचं शास्त्रीय कारण पुढं येईल). आबांचं म्हणाल तर हे सगळं पत्रच आबांचं आहे. तिकडे मामींचा गुडघा कसा आहे? आणि तुमचा ठसका? धर्माबादच्या मिरचीच्या अडतीवर उभा जन्म काढायचा आणि ठसका लागला म्हणून डॉक्टरकडे जायचं, हे तुम्हीच करू जाणे.

फोन सोडून हा पत्र का लिहायला बसला, असं तुमच्या मनात येईल. मामा, तुम्ही फोन उचलला की आधी स्पीकर लावता आणि मग हॅलो म्हणता. आमच्याकडे फोन वाजला की आई भाकरी थापायची थांबते. म्हणजे तुमच्या-माझ्यात काही खासगी बोलायचं झालं तर ते अर्ध्या धर्माबादला आणि सगळ्या चाकूरला ऐकू जातं. मला जे सांगायचंय ते आईच्या कानावर जायला नको आहे, कारण गुन्हेगार तीच आहे. तेव्हा हे पत्र मामींना मोठ्यानं वाचायला देऊ नका. त्यांचा आवाज स्पीकरपेक्षा मोठा आहे, हे मी आदरानं लिहितो.

वेळ अमावस्येच्या वनभोजनाला तुम्ही आमच्या शेतात होतातच, तरी ती हकीकत पुन्हा मांडतो. मी पोरांना विज्ञान शिकवतो आणि विज्ञानात आधी निरीक्षण येतं. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली होती. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील, सगळं अर्ध्यावर आलेलं. आबा नेहमीप्रमाणे पंगतीत न बसता कडेला बाभळीखाली बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. (वनखात्याची परवानगी आहे, परवाना चालू आहे, आणि आपण लिंगायत असल्यामुळं डुक्कर मारून त्याचं करायचं काय हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. आबा म्हणतात की खायचं नसतं, सांगायचं असतं.) इतक्यात बांधावरची तूर हलली. आबा पुटपुटले, ‘डुक्कर.’ उभे राहिले, बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला आणि आवाज आला, टिक्. त्यांनी ते काडतूस काढून दुसरं घातलं. पुन्हा टिक्. तूर हलायची थांबली, डुक्कर काही बाहेर आलं नाही आणि पंगतीत आधी कोणीतरी खोकलं, मग सगळे हसले.

मागाहून तुम्ही पंगतीला आलात, झाला प्रकार ऐकलात आणि म्हणालात, ‘दाजी, डुकराला घड्याळ ऐकवायलाव का?’ बोलणं मजेचं होतं, मीही हसलो. मेव्हण्यानं दाजीची थट्टा करायची नाही तर कोणी करायची. पण मामा, तेव्हापासून तुमचा प्रत्येक फोन ‘दाजी, बार निघाला का?’ असाच सुरू होतो. आबा फोनवर हसतात, फोन ठेवतात आणि ओसरीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसतात. त्यांनी शेतात जाणं सोडलं. अर्ध्या भाकरीवर उठायला लागले. एक दिवस परवाना आणि बंदूक पुढ्यात ठेवून मला म्हणाले, ‘ठाण्यात जमा करून ये. हत्यार बी मालकासारखंच निघालं. आता दोघांचा बी बार निघंना.’

मला बंदुकीचं कौतुक नाही. ती आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे, तीनशे पंधरा बोअरची, लाकडी दस्त्याची, दरवेळी हातानं बोल्ट मागं ओढून काडतूस घालायची, आणि वजनाला एखाद्या वासराएवढी. पण आबांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते पाहवेना. शिवाय खरं सांगायचं तर कुतूहलही होतं. एखादी वस्तू इतकी वर्षं बिनतक्रार काम करते आणि एके दिवशी नुसतं टिक् म्हणते, तर का म्हणते? मी आबांना म्हणालो, ठाण्यात नंतर जाऊ, आधी हिचा रोग तर कळू द्या. आबा म्हणाले, ‘कर तुझा प्रयोग. पर मी जवळ बसणार.’ (कायद्यानंही तेच योग्य आहे. त्यामुळं या पुढच्या सगळ्या उद्योगात हात माझे आणि देखरेख आबांची, असं धरून चाला.)

आता रोग समजायचा तर आधी शरीर समजलं पाहिजे. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टिकली असते, दिवाळीत पोरं फोडतात तिचीच थोरली बहीण म्हणा. बोल्टच्या पोटात एक पिन आणि तिच्यामागं स्प्रिंग. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिन पुढं येते आणि टिकलीवर टोला देते. टोला नीट बसला की टिकली पेटते, तिच्यामुळं दारू पेटते आणि बार निघतो. टोला लेचापेचा बसला की टिक्. मी त्या दिवशीची दोन्ही काडतुसं शाळेतल्या भिंगाखाली धरली. टिकलीवर खड्डा होता, नाही असं नाही, पण नख टेकवल्यासारखा. फडताळात आबांनी जुनं उडवलेलं काडतूस ठेवलंय, त्याच्या टिकलीवरचा खड्डा पाहिला तर त्यात मसुरीची डाळ बसेल. म्हणजे पिन पोचते, पण दमून पोचते. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. (उज्वला म्हणाली, आनंदानं जेवण न जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. तेव्हा ती बोलत होती.)

पहिला संशय काडतुसांवर. जुनी असतील, सर्दावली असतील. लातूरहून परवान्यावर नवी आणली. दगडाच्या जुन्या खदानीत जाऊन, नळी मातीच्या ढिगाकडं करून आबांनी सकाळीच चाप ओढला. टिक्. (टिक् झाल्यावर लगेच बोल्ट उघडायचा नसतो, नळी तशीच समोर धरून थांबायचं असतं, कारण एखादं काडतूस उशिरा जागं होतं. आमच्या नववीच्या वर्गातही अशी दोघं-तिघं आहेत.) गंमत म्हणजे थांबून, उघडून, तेच काडतूस पुन्हा घातलं की दुसऱ्या टोल्याला ते कधी कधी उडायचं. म्हणजे काडतूस निर्दोष होतं. पहिल्या टोल्यात टिकली नुसती जागी व्हायची आणि दुसऱ्या टोल्यात उठून बसायची.

दुसरा संशय स्प्रिंगवर, आणि त्यासाठी आम्ही नांदेड गाठलं. तिथं कलीमभाईंचं दुकान आहे. त्यांच्या आजोबांच्या हातून निजामाच्या काळातल्या बंदुका दुरुस्त व्हायच्या, वडिलांच्या हातून जमीनदारांच्या, आणि कलीमभाईंच्या हातून मुख्यतः प्रेशर कुकर होतात, कारण आता बंदुका कमी आणि कुकर फार. बंदूक कायद्याप्रमाणं मोकळी करून, चादरीत गुंडाळून, परवाना खिशात घालून आम्ही बापलेक अहमदपूर-लोहा मार्गे एसटीनं निघालो. कंडक्टरनं विचारलं, चादरीत काय? आबा म्हणाले, पेशंट. कंडक्टरनं जागा करून दिली आणि लोह्यापर्यंत त्याकडं वळून पाहिलं नाही. नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर आबा एका पोलिसाला ‘काय शिवहार, इकडं कुठं?’ म्हणून मिठी मारायला गेले. शिवहार म्हणजे आमचा दूधवाला. त्या पोलिसानं चादरीकडं पाहिलं, परवाना पाहिला, आबांच्या वयाकडं पाहिलं आणि आम्हाला रिक्षात बसवून दिलं. फार सज्जन माणूस.

कलीमभाईंनी चहा पाजला, बंदूक कानाला लावून चाप ओढला (रिकामीच), डोळे मिटले आणि निदान केलं, ‘सर, स्प्रिंग थकली. बंदूक बी माणसावानी हाय, उमर झाली की दम लागतो.’ हे वाक्य आबांच्या समोर बोलायची काही गरज नव्हती. आबा बाहेर जाऊन उभे राहिले. कलीमभाईंनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी नवी स्प्रिंग बसवताना आबांना आत बोलावून आजोबांच्या काळातल्या वाघांच्या गोष्टी सांगितल्या. त्यातला एक वाघ गोदावरी पोहून आला होता आणि एक बहुतेक कुकरमधून. घरी आल्यावर आठवडाभर बरं वाटलं, पण पहाटेच्या गारव्यात पुन्हा टिक्. मी कलीमभाईंना फोन केला तर ते म्हणाले, मग पिन आखूड झाली असंल. शाळेतल्या व्हर्नियरनं पिन मोजली. पुढं यायची तेवढी येत होती. मग ते म्हणाले, मग नजर लागली असंल. इथं आमचं शास्त्र संपलं.

पण मामा, ‘पहाटेच्या गारव्यात’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी पेन्सिलीचा प्रयोग सुरू केला. काडतूस नाही याची दोनदा खात्री करून बोल्ट बंद करायचा, नळी आभाळाकडं उभी धरायची आणि वरून एक पेन्सिल, रबराचं टोक खाली, आत सोडायची. चाप ओढला की पिन पेन्सिलीच्या बुडाला टोला देते. टोला जेवढा जोरात, तेवढी पेन्सिल वर. पहाटे ओढला तर पेन्सिल आतल्या आत खुडबुड करून बसली. मग बंदूक अंगणात आईच्या वड्यांशेजारी उन्हात ठेवली आणि दुपारी ओढला, तर पेन्सिल नळीच्या बाहेर हातभर आली. मी टाळी वाजवली. आई म्हणाली, ‘शाळंत पोरं न्हाईत व्हय? बंदुकीला शिकवायलास?’ आणि बंदुकीला ऊन दाखवू नये, दस्त्याचा रंग जातो, म्हणून ती उचलून आत ठेवायला लागली. मी पुन्हा बाहेर ठेवली, तिनं पुन्हा आत. असं दोन दिवस चाललं. पण थंडीत जड आणि उन्हात हलकं असं जगात काय असतं? तूप असतं, गूळ असतो, माझी आई असते. लोखंड नसतं. म्हणजे आत लोखंडाशिवाय काहीतरी होतं.

मी बोल्ट उघडून पिन आणि स्प्रिंग बाहेर काढली, आणि मामा, काय सांगू. सगळ्या पिनेला पिवळट, चिकट, काचेसारखा थर. नखानं खरवडला तर निघेना. कलीमभाईंची नवी स्प्रिंगसुद्धा त्यात अर्धी बुडाली होती, म्हणजे त्यांनी आत न पाहता थरावरच स्प्रिंग चढवली, आणि म्हणूनच मला त्यांचे वाघ आता पटत नाहीत. मी वास घेतला. मिरची, हळद आणि भजी. आमच्या स्वयंपाकघरात करडईच्या तेलाची बरणी आहे, तिच्या बुडाला, झाकणाच्या काठाला असाच थर जमतो, घासणीला दाद देत नाही. करडईचं तेल ओलं असेतो तेल असतं, वाऱ्यावर राहिलं की रोगण होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. नांदेडपर्यंत ज्याचा शोध घेतला ते आमच्या फोडणीत होतं.

हे आत गेलं कसं, हे सांगायला नको. खंडेनवमीला आमच्या घरी विळा, कोयता, नांगराचा फाळ, ट्रॅक्टर, आईचं शिवणयंत्र, मोटरीचा स्टार्टर आणि मिक्सर या सगळ्यांना हळद-कुंकू आणि तेलाचं बोट लागतं. बंदूक तर हत्यारांची पाटलीण. तिची पूजा दर अमावस्येला होते, आबा ती स्वतः काढून आईपुढं ठेवतात. आईचा हात तेलाला सढळ आहे, हे मी माझ्या टाळूवरून सांगू शकतो, लहानपणी माझ्या कानात तिनं जेवढं तेल घातलं तेवढ्यात एक पंगत उठली असती. बंदुकीला तिनं लेकरू समजून तेच केलं, एवढाच मी अर्थ काढला. आबांना मी यातलं बोललो नाही. थर दाखवला तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या फडक्याकडं बघून ‘हाव, लई मळलंय’ म्हटलं, आणि तो कंपनीचा जुना ग्रीस असल्याचं आमचं दोघांचं ठरलं. पन्नास वर्षांच्या संसारात भज्यांच्या तेलावरून भांडण लावणारा मी कोण?

पुढची गोष्ट आनंदाची आहे. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरमधलं डिझेल घेतलं आणि तो टूथब्रश. पिन, स्प्रिंग, बोल्टचं पोट, सगळं घासून, पुसून, कोरडं करून बंदुकीच्या तेलाचा नुसता हात फिरवला. थंडगार पहाटे अंगणात पेन्सिल सोडली आणि आबांनीच चाप ओढला. पेन्सिल पत्र्यावर आपटून कुठं गेली ते अजून सापडलेलं नाही. आबा माझ्याकडं बघून हसले. मामा, ते हसणं बघायला मी महिनाभर डिझेलमध्ये हात घातले होते. त्याच दिवशी खदानीत खरं काडतूस. मी ढिगावर चुना फासलेला दगड ठेवला. बार असा निघाला की पारवे उडाले. दगड जागचा हलला नाही, गोळी पार उजवीकडं मातीत शिरली, पण आबा म्हणाले, ‘फुटला का न्हाई?’ आणि मी म्हणालो, फुटला. एवढ्या दिवसांनी बार निघाला, त्यात नेमाचं काय घेऊन बसायचं. आता आबा दोन भाकऱ्या खातात, सकाळ-संध्याकाळ शेतात जातात, आणि वीरभद्र सावकारापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना बाराचा आवाज तोंडानं काढून दाखवतात.

तेव्हा माझी विनंती एवढीच की महाशिवरात्रीच्या आत तुम्ही तुमच्या अक्काला, म्हणजे माझ्या आईला, थोर बंधूच्या थाटात (धाकटे असलात तरी) सांगावं की बंदुकीच्या आत तेल घालू नये, वरून कुंकू लावावं. मी सांगितलं तर ती म्हणेल, मला शिकवतोस. तुमचं ती ऐकते, निदान ऐकून तरी घेते. आणि आबांना पुढचा फोन कराल तेव्हा बाराचं विचाराच. आता त्यांच्याकडं उत्तर आहे.

मामींना शरणार्थ. ठसक्यावर अडुळसा घ्या.

तुमचा भाचा,
बसवंत

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो होतो ते टाकलं नाही, आणि बरं झालं. आई पाठोपाठ फाटकापर्यंत आली. कोणाला पत्र, तिनं विचारलं. मामाला, मी म्हणालो. तेलाचं लिवलंस का, म्हणाली. मी पत्र पाठीमागं धरलं. मग ती तिथंच पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं ते असं. विहिरीवरची काळी टाकी दोन उन्हाळ्यांमागं उन्हानं तडकली, हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. ती उन्हानं तडकली नव्हती. आबांनी डुक्कर समजून तिला गोळी घातली होती, आणि आईला म्हणाले होते, ऊन लागलं म्हण. आईनं तसं म्हटलं. पण पुढच्याच अमावस्येला पूजेला बंदूक पुढ्यात आली तेव्हा तिनं भजी तळून उरलेलं तेल बोल्टच्या आत ओतलं, आणि तेव्हापासून एकही अमावस्या चुकवली नाही. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चाकूरच्या शिबिरात डॉक्टरनं सांगितलं तेव्हा आबा म्हणाले होते, मला दिसतंय, डॉक्टरलाच चष्मा हाय, आणि उठून आले. बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला असते. बंदूक देऊन टाका म्हटलं तर दोन दिवस जेवत नाहीत. तेव्हा तिनं तिच्याजवळ जे होतं त्यानं काम भागवलं. मला शिवहारची मिठी आठवली, खदानीतला दगड आठवला, फडक्याकडं बघून ‘लई मळलंय’ म्हणणं आठवलं. आई उठताना एवढंच म्हणाली, ‘तू दुरुस्त केलीस, आता तूच बिघडव.’

ता. क. दुसरा. (अमावस्येनंतर.) वरची विनंती रद्द समजावी. अक्काला काही सांगू नका. काल पूजा झाली. आबांनी हौसेनं बंदूक काढून दिली आणि म्हणाले, आता ही नवी झाली, नीट पूजा करा. मी बोल्ट उभा धरला आणि आईनं आत धार धरली. विज्ञानाच्या शिक्षकानं हे करावं म्हणजे काय, पण केलं, आणि समाधानानं केलं. अडचण अशी की ताजं तेल हे ताजं तेलच असतं. ते आटून रोगण व्हायला गेल्या वेळी पाऊणेक वर्ष लागलं, असं आई म्हणते. तोवर ती पिन लोण्यातून गेल्यासारखी जाते. आज पहाटेची पेन्सिल शेजारच्यांच्या अंगणात सापडली. म्हणजे सध्या आमच्याकडं बंदूक जन्मात नव्हती इतकी चांगली आहे आणि ती धरणाऱ्याला दहा पावलांवरचं दिसत नाही.

तेव्हा खरी विनंती ही. तुम्ही लवकरात लवकर या आणि आबांना सांगा की तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, उदगीरला ऑपरेशन करायचंय, आणि एकट्याला भीती वाटते. हात जोडून सांगा, जमलं तर डोळ्यांत पाणी आणा. ‘दाजी, तुम्ही संगं चला’ म्हटलं की आबा तुम्हाला धीर द्यायला वाघासारखे निघतील. दवाखान्यात पोचल्यावर, आलाच आहात तर तुमचेही बघू, हे काम माझं. तुमचे डोळे ठणठणीत आहेत आणि मिरचीच्या बाजारात तुम्ही कोणालाच भीत नाही, हे सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. तरी महिनाभर ‘दाजी, बार निघाला का’ म्हणणाऱ्यानं एक दिवस भित्रं व्हायला हरकत नसावी. हे फर्मान आईचं आहे, माझं नाही.

तुम्ही कां कूं कराल हे ओळखून आईनं आणखी एक गोष्ट लिहायला सांगितली आहे. ती आबांना या जन्मात कळता कामा नये, नाही तर ते पुन्हा अंथरुणावरून उठायचे नाहीत. वेळ अमावस्येला पंगत बसली असताना तुम्ही काळं जाकीट घालून, फोनवर भाव बोलत बोलत, आडोशाला म्हणून बांधावरच्या तुरीत जाऊन बसला होतात. पंगतीला भाकरी वाढताना आईनं ते पाहिलं होतं. मग आबा उठले, त्यांनी बंदूक उचलली, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. पहिलं टिक् झालं तेव्हा तिनं डोळे मिटले. दुसरं झालं तेव्हा तिच्या हातातली परात पडली, ती कोणाला आठवत नाही, कारण सगळे हसत होते.

ता. क. तिसरा. येताना शेताच्या वाटेनं येऊ नका, सडकेनं या, आणि फाट्यापासून आवाज देत या. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपीसुद्धा पांढरी. ते जाकीट धर्माबादलाच राहू द्या.